अंगठा की मनगट?

गणपतीला चार दिवस उरले की वीर स्टेशनच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. कोकण रेल्वेचा रोह्यापासूनचा पहिला टप्पा १९९३ मध्ये इथवर आला. तेव्हापासून महाड परिसरातले कितीतरी चाकरमानी इथे उतरतात आणि सॅक, पिशव्या, मखराचं सामान सांभाळत पुढची रिक्षा किंवा एसटी गाठतात. अलीकडे त्या सॅकमध्ये मिठाईच्या डब्याशेजारी आणखी एक वस्तू सापडते. ती म्हणजे गेमचा कंट्रोलर.

समजा, अशाच एका घरात थोरला भाऊ मुंबईहून कंट्रोलर घेऊन आला आहे. धाकटा गावीच असतो. दिवसा महाडला टायपिंगच्या क्लासला जातो आणि रात्री सेकंडहँड लॅपटॉपला माऊस जोडून गोळीबाराचे गेम खेळतो. आरती झाली, जेवणं आटोपली की दोघांचा वाद ठरलेला.

“दादा, ह्या काडीनं नेम लागत नाय,” म्हणत धाकटा कंट्रोलर परत देतो.

“आणि तुझ्या त्या बटणांनी गाडी धड वळत नाय,” थोरला हसतो.

दोघांचंही बरोबर आहे. पण आईचं लक्ष तिसऱ्याच गोष्टीकडे आहे. गेले काही दिवस धाकटा रात्री मध्येच उठून उजवा हात झटकत बसतो. विचारलं तर म्हणतो, “काय नाय गं आई, मुंग्या येतात.” त्याची टायपिंगची परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे.

गेम खेळायला कंट्रोलर बरा की माऊस-कीबोर्ड, हा प्रश्न बहुतेक वेळा मित्रांच्या गप्पांत किंवा दुकानात सुटतो. कशानं जास्त जिंकता येतं आणि कोणतं स्वस्त पडतं, एवढंच पाहिलं जातं. हाताला काय सोसेल, हे सहसा कुणी विचारत नाही. निवड करताना दोन्ही बाजू माहीत असायला हव्यात. कारण गेम बंद केल्यावर त्याच हातानं टायपिंग करायचं असतं, मोटारसायकल चालवायची असते, कारखान्यात पाळी करायची असते आणि घरच्या भाताची लावणीही करायची असते.

लोटा आणि नळ

आधी धाकट्याची तक्रार पाहू. माऊसनं नेम चटकन लागतो आणि कंट्रोलरनं लागत नाही, यात सरावाचा भाग आहेच. पण खरं कारण दोन्ही साधनांच्या चालण्यात आहे.

माऊस जेवढा सरकवाल तेवढी पडद्यावरची खूण सरकते. हात थांबला की खूणही थांबते. हे लोट्यानं पाणी ओतण्यासारखं आहे. जेवढा लोटा, तेवढं पाणी. कंट्रोलरवरच्या काडीचं, म्हणजे स्टिकचं, तसं नसतं. ती किती कलवली यावर खूण किती वेगानं फिरेल एवढंच ठरतं. काडी धरून ठेवली तर खूण फिरतच राहते, आणि थांबवायची तर काडी वेळेवर मधोमध परत आणावी लागते. नळाखाली बादली काठोकाठ भरायची असेल तर तोटी नेमक्या क्षणी बंद करावी लागते, तसंच हे. जरा उशीर झाला की पाणी सांडतं आणि घाई केली की बादली अपुरी राहते.

त्यात जागेचाही फरक आहे. काडी मधल्या जागेपासून जेमतेम सेंटिमीटरभर हलते. तेवढ्याशा अंतरात सावकाश, मध्यम आणि भरधाव असे सगळे वेग बसवायचे असतात. माऊसला टेबलावर वीतभर किंवा त्याहून जास्त जागा मिळते आणि त्याच्यामागे बोटं, मनगट, कोपर आणि खांदा असा सगळा हात उभा असतो. मोठी हालचाल खांदा-कोपर करतात, शेवटची बारीक दुरुस्ती बोटं करतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये हाताच्या हालचालींचा एक नियम मांडला. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त लागतो. आणि हा वेळ गणितानं सांगता येतो. पुढे १९७८ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात स्टुअर्ट कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडद्यावरचा मजकूर निवडण्यासाठी माऊस, दाब देऊन चालणारी जॉयस्टिक आणि दोन प्रकारच्या कळा यांची तुलना केली. माऊस सर्वांत जलद ठरला आणि त्यात चुकाही सर्वांत कमी झाल्या. माऊसचा वेग नुसत्या हाताच्या नैसर्गिक वेगाच्या जवळ जातो, असंही त्यातून दिसलं. डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जगासमोर आणलेली ती डबी गेमसाठी नव्हतीच. पण बोट दाखवण्याच्या कामात तिला मागे टाकणारं साधन घराघरात अजून तरी आलेलं नाही.

म्हणूनच संगणकावरच्या ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या नेमबाजीच्या खेळांत स्पर्धक माऊसच वापरतात. ‘व्हॅलोरंट’ संगणकावर खेळायचा तर त्यात कंट्रोलर चालतच नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स’सारख्या खेळात शंभरभर सैनिकांना वेगवेगळे हुकूम द्यायचे असतात; तिथे माऊसला पर्याय शोधणं अवघड आहे.

जिथे दोन्ही प्रकारचे खेळाडू एकत्र येतात, तिथे काही खेळ कंट्रोलरवाल्याला नेम धरायला मदत करतात. खूण शत्रूच्या जवळ आली की ती आपोआप थोडी मंदावते किंवा त्याच्यामागे किंचित ओढली जाते. ही मदत किती असावी यावर ‘एपेक्स लेजंड्स’सारख्या खेळांत वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. मोबाइलवरच्या ‘पबजी’नं वेगळा मार्ग धरला. संगणकावर मोबाइलची नक्कल चालवून माऊस-कीबोर्डनं खेळणाऱ्यांना ओळखून त्यांचे सामने आपसातच लावायचे. फरक खराखुरा आहे, हे खेळ बनवणाऱ्यांनीच असं मान्य केलं आहे.

आंबेनळीचं वळण

आता थोरल्याची बाजू. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी घाटानं गाडी नेताना स्टेअरिंगला दोनच अवस्था असत्या तर? एकतर सरळ, नाहीतर पूर्ण वळलेलं. ॲक्सिलरेटरही एकतर बंद, नाहीतर पूर्ण दाबलेला. पहिल्याच वळणावर गाडी कठड्याला भिडली असती.

कीबोर्डची कळ नेमकी तशीच असते. ती दाबलेली असते किंवा नसते, मधलं काही नसतं. डब्ल्यू, ए, एस आणि डी या चार कळांनी पुढे-मागे-डावी-उजवी जाता येतं, दोन कळा एकत्र दाबून तिरकंही जाता येतं. पण दिशा आठच आणि वेग एकच. या चार कळांची पद्धत ‘क्वेक’ या खेळाच्या काळात, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेनिस फाँग या अमेरिकी खेळाडूमुळे लोकप्रिय झाली. कीबोर्ड मात्र मुळात टायपिंगचा. खेळताना डाव्या हाताची करंगळी शिफ्ट आणि कंट्रोलच्या कळांवर सतत ताणलेली राहते, ती त्यामुळेच.

कंट्रोलरची काडी थोडी कलवली की पडद्यावरचा माणूस चालतो, पूर्ण कलवली की धावतो आणि दिशा कुठलीही घेता येते. मागच्या बाजूचे ट्रिगर अर्धे दाबले तर गाडीला अर्धाच वेग मिळतो. त्यामुळे गाड्यांच्या शर्यती, फुटबॉल, उड्या मारत पुढे जायचे खेळ आणि हातघाईच्या लढतींचे खेळ यांत कंट्रोलर सोयीचा पडतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये सर्वांत आधी हातात धरून खेळायच्या निन्टेन्डो स्विचवर आला. आपल्या हरवलेल्या भावाला शोधत निघालेली ही मुलगी भिंतींवर धावते, खांबांना गिरक्या घेते. अशा वेळी चालीची दिशा आणि लय सांभाळायची असते, दूरच्या ठिपक्यावर नेम धरायचा नसतो.

ज्यांचं बालपण १९९० च्या दशकात गेलं, त्यांना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणि त्यात घालायची कॅसेट आठवत असेल. त्याच्या कंट्रोलरवर डावीकडे अधिक चिन्हाच्या आकाराचं बटण होतं आणि उजवीकडे दोन-चार गोल बटणं. अंगठ्यानं हलवायच्या काड्या कंट्रोलरवर सर्रास आल्या त्या त्या दशकाच्या उत्तरार्धात. तेव्हापासून खेळाचा जवळजवळ सगळा भार दोन अंगठ्यांवर आला.

बोगद्यातले दहा प्रवासी

धाकटा रात्री हात का झटकतो, हे समजायला मनगटाच्या आत डोकवावं लागेल. कोकण रेल्वेच्या प्रवाशाला बोगदा काय असतो हे सांगायला नको. मनगटातही एक बोगदा असतो. तळाशी आणि बाजूंना मनगटाची छोटी हाडं, वर जाड अस्थिबंधाचं छप्पर. या अरुंद वाटेनं बोटं आणि अंगठा वळवणाऱ्या नऊ कंडरा जातात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या. त्यांच्याबरोबर एक नस जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची संवेदना ही नस वाहून नेते.

बोगद्याची भिंत ताणत नाही. आतल्या कंडरांची आवरणं सुजली किंवा मनगट बराच वेळ वर-खाली वाकलेलं राहिलं की आतला दाब वाढतो, आणि सर्वांत आधी त्रास होतो तो मऊ नसेला. मग बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. झोपेत मनगट वाकलेलं राहत असल्यानं रात्री जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं. डॉक्टर हे लक्षण मुद्दाम विचारतात. या आजाराला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. त्यात करंगळीला सहसा मुंग्या येत नाहीत, कारण तिची नस वेगळ्या वाटेनं जाते.

मग माऊस-कीबोर्डमुळे हा आजार होतो, असं म्हणायचं का? इथे सावध राहायला हवं. डेन्मार्कमध्ये संगणकावर काम करणाऱ्या सुमारे सात हजार तंत्रज्ञांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कीबोर्डच्या वापराचा या आजाराशी ठोस संबंध त्यात आढळला नाही. आठवड्याला वीस तासांहून जास्त माऊस वापरणाऱ्यांमध्ये मात्र मुंग्या येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. एकूणात संगणकाचा वापर हे या आजाराचं मोठं कारण नाही, असाच संशोधकांचा निष्कर्ष होता. मधुमेह, थायरॉइडचे विकार, गरोदरपण, वाढलेलं वजन, हातात जोर लावून पुन्हा पुन्हा करायची कामं आणि थरथरणारी यंत्रं ही त्याची जास्त ओळखीची कारणं आहेत. म्हणून ‘गेम खेळतोस म्हणून झालं’ असं सांगून विषय संपवणं चुकीचं. पण आधीच ताणलेल्या मनगटावर रोज आणखी चार तास माऊस चढवणं शहाणपणाचं नाही, हेही तितकंच खरं.

पाच तासांचा निन्टेन्डो

कंट्रोलर हातात छान बसतो, टेबल लागत नाही, मनगट बऱ्यापैकी सरळ राहतं. त्यामुळे तो निर्धोक वाटतो. पण त्याचा भार दुसरीकडे पडतो.

१९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं छोटंसं पत्र छापून आलं. एका ३५ वर्षांच्या स्त्रीच्या उजव्या अंगठ्यात तीव्र वेदना होत होत्या. तिनं आदल्या दिवशी सलग पाच तास निन्टेन्डोचा गेम खेळला होता. डॉक्टरांनी या दुखण्याला गमतीनं ‘निन्टेन्डिनायटिस’ असं नाव दिलं. नाव गमतीचं असलं, तरी कंडरेचा दाह खरा होता.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला, दोन कंडरा एका अरुंद आवरणातून जातात. अंगठा बाहेर नेणं आणि वर उचलणं हे त्यांचं काम. ते आवरण जाड झालं की दोरी नळीत अडकल्यासारखी घासते. स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केरव्हँ यांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं, आणि आजही हे दुखणं त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. तेव्हा ना मोबाइल होता, ना गेम. बाळाला पुन्हा पुन्हा उचलणाऱ्या नव्या आयांमध्ये ते आजही सर्रास दिसतं. बाटलीचं झाकण उघडताना, किल्ली फिरवताना, पिळा घालून कपडे पिळताना अंगठ्याच्या बाजूनं कळ मनगटापर्यंत जाते, ही त्याची ओळख.

अंगठा हा हाताचा सर्वांत कामसू सदस्य. त्याच्या मुळाशी खोगिरासारखा सांधा असतो, म्हणून तो बाकीच्या चारही बोटांना भेटू शकतो. कॅनडातले मेंदूचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड यांनी मेंदूचा कुठला भाग शरीराच्या कुठल्या अवयवाला हलवतो याचा नकाशा मांडला. त्यात हाताला आणि अंगठ्याला त्यांच्या आकाराच्या मानानं फार मोठी जागा मिळालेली दिसते. एवढं कौशल्य असल्यामुळेच सगळी कामं त्याच्याकडे येतात. मोबाइलवर टाइप करणारा, व्हिडिओ सरकवणारा आणि कंट्रोलरची काडी फिरवणारा अंगठा एकच असतो.

हाताचा दिवसभराचा हिशेब

दुखापतीच्या बाबतीत कंट्रोलर वाईट की माऊस, याचं एक उत्तर नाही. तेच स्नायू, तीच कंडरा, त्याच स्थितीत, न थांबता किती वेळ वापरली, यावर सगळं ठरतं. आणि या वेळात फक्त गेमचे तास मोजून चालत नाही. सकाळपासून त्या हातानं काय केलं, तेही धरायला हवं.

धाकट्याचा हिशेब मांडून पाहू. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागतो. त्यासाठी दोन तास क्लासला, मग घरी लॅपटॉपवर आणखी तास-दीड तास सराव. ऑनलाइन अर्ज, अभ्यासाच्या फायली, त्यात पुन्हा माऊस. आणि रात्री चार तास माऊस-कीबोर्डवर गेम. म्हणजे सकाळी सुरू झालेलं मनगटाचं काम मध्यरात्रीपर्यंत संपतच नाही. खेळताना हात विश्रांती घेतो असं त्याला वाटतं, पण विश्रांती मनाला मिळते, मनगटाला नाही.

थोरल्याचा हिशेब वेगळा. तो दिवसभर कंपनीत उभ्यानं काम करतो, कीबोर्डचा संबंध नाही. पण लोकलमध्ये जाता-येता दोन तास मोबाइल, जेवणाच्या सुट्टीत मोबाइल, झोपण्याआधी मोबाइल. हे सगळं अंगठ्यावर. त्यात रात्री कंट्रोलर आला की तोच अंगठा पुन्हा कामाला.

म्हणजे हाताच्या दृष्टीनं पाहिलं तर दोघांनीही नेमकं उलटं साधन निवडलं आहे.

ज्याचं दिवसाचं काम टायपिंगचं किंवा संगणकाचं, त्यानं रात्रीच्या खेळासाठी कंट्रोलरचा विचार करावा. ज्याचा अंगठा दिवसभर मोबाइलवर झिजतो, त्याला नीट मांडलेला माऊस-कीबोर्ड सोसेल. शक्य असेल तर दोन्ही ठेवावीत आणि आलटून पालटून वापरावीत. खेळाचा प्रकार बदलला की साधनही बदलावं. आणि जे दुखतंय, त्याच्यावरचा भार आधी कमी करावा, मग तो खेळ कितीही आवडता असो.

टेबल नसलेलं घर

माऊस-कीबोर्डला टेबल लागतं, ही साधी गोष्ट शहरातल्या सल्ल्यांत गृहीत धरलेली असते. गावाकडच्या कितीतरी घरांत लॅपटॉप कॉटवर, मांडीवर किंवा जमिनीवरच्या चटईवर असतो, आणि माऊस वहीच्या पुठ्ठ्यावर फिरतो. अशा बैठकीत मनगट मागे वाकतं, कॉटची लोखंडी कड नेमकी नसेच्या वर दाबते, खांदा उचललेला राहतो आणि मान खाली झुकते. अशा घरात कंट्रोलर घेणं हाताच्या दृष्टीनं खरोखर बरं. भिंतीला पाठ टेकून, कोपर मांडीवर किंवा उशीवर ठेवून खेळता येतं. मात्र पडदा डोळ्यांच्या पातळीच्या जवळ हवा. लॅपटॉप जमिनीवरच राहिला तर मनगट सुटेल आणि मान धरेल.

टेबल असेल तर ते असं मांडावं: कोपर साधारण काटकोनात, खांदे सैल, मनगट सरळ. कीबोर्डच्या मागचे पाय उघडू नयेत; त्यांनी मनगट उलट जास्त वाकतं. आकड्यांचा वेगळा भाग नसलेला छोटा कीबोर्ड घेतला तर माऊस शरीराच्या जवळ येतो आणि खांद्याला आराम मिळतो. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवून वेगळा कीबोर्ड जोडला तर मानेचाही प्रश्न सुटतो. माऊसची संवेदनशीलता फार वाढवली की सगळी हालचाल मनगटातून होते. ती थोडी कमी ठेवून कोपरातून हात हलवायची सवय केली तर मनगटाचा भार वाटला जातो. नेम धरणारे अनेक मुरलेले खेळाडूही हेच करतात.

दोन्ही साधनांना लागू पडणारी एक गोष्ट म्हणजे पकड. खेळ रंगात आला की माऊस किंवा कंट्रोलर नकळत आवळला जातो. बटण जोरात दाबल्यानं गोळी जोरात सुटत नाही. डाव संपला की हात सोडून पाहावा, म्हणजे आपण किती आवळून बसलो होतो ते कळतं.

घेताना काय पाहावं

साधी माऊस-कीबोर्डची जोडी हजार रुपयांच्या आत मिळते. नामांकित कंपन्यांच्या कन्सोलचा मूळ कंट्रोलर पाच-सहा हजारांच्या घरात जातो. स्वस्त कीबोर्डमध्ये तीन-चार कळा एकदम दाबल्या तर एखादी नोंदलीच जात नाही. दुकानातच दाबून पाहावं. साधा माऊस संगणकाला सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो, गेमसाठीचा हजार वेळा. म्हणजे फरक जास्तीत जास्त सात हजारांश सेकंदांचा. हौशी खेळाडूनं त्यासाठी फार पैसे घालवू नयेत. त्यापेक्षा माऊस तळहाताच्या मापाचा आहे ना, हे पाहणं महत्त्वाचं.

कंट्रोलरच्या काड्यांखाली घासून झिजणारे भाग असतात. ते झिजले की हात न लावताही पडद्यावरचा माणूस आपोआप चालू लागतो. चुंबकाच्या साहाय्यानं चालणाऱ्या, ‘हॉल इफेक्ट’ प्रकारच्या काड्या घासत नसल्यानं जास्त टिकतात. दमट पावसाळ्यात कुठलंही साधन उघड्यावर न ठेवता कोरड्या डब्यात ठेवावं.

एक मुद्दा क्वचित बोलला जातो. यंत्रावर बोटं गमावलेले, पक्षाघातातून सावरणारे किंवा जन्मतः हाताची हालचाल मर्यादित असलेले लोकही खेळतात. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये आणि सोनीनं २०२३ मध्ये खास कंट्रोलर आणले. मोठी बटणं हवी तिथे, अगदी पायाखालीही मांडता येतात. ते महाग आहेत. पण बहुतेक खेळांच्या सेटिंगमध्ये कळांची जागा फुकटात बदलता येते. दुखणाऱ्या बोटाचं काम दुसऱ्या बोटाला देण्यासाठीही ही सोय वापरावी.

कधी दाखवायचं

खेळताना दर अर्ध्या तासानं उठावं, मुठी उघडमीट कराव्यात, मनगट हळूच फिरवावं, पाणी प्यावं. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी वेळा मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावं.

एखाद्या दिवशी हात दुखला आणि विश्रांतीनं थांबला, तर काळजीचं कारण नाही. पण मुंग्यांनी रात्री जाग येत असेल, बोटं बधीर राहत असतील, हातातून पेला किंवा किल्ली सुटत असेल, अंगठ्याच्या मुळाशी पुडी बांधल्यासारखी सूज असेल किंवा दुखणं दोन आठवडे हटत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं. स्वतःच्या मनानं वेदनाशामक गोळ्या घेऊन खेळत राहणं सर्वांत वाईट. गोळी दुखणं झाकते, नसेवरचा दाब कमी करत नाही. वेळेत गेलं तर बहुतेकांचं काम विश्रांती, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा आणि फिजिओथेरपीवर भागतं. काहींना इंजेक्शन लागतं. शस्त्रक्रियेची वेळ थोड्यांवर येते. फार उशीर झाला मात्र, तर अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग सुकू लागतो आणि गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

त्या घरातल्या आईनं जे पाहिलं, ते म्हणूनच मोलाचं. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की धाकट्यानं आधी महाडला डॉक्टरांकडे जावं. टायपिंगचा सराव अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत करावा. नेमबाजीचा खेळ परीक्षा होईपर्यंत रविवारपुरता ठेवावा, तोही हातानं साथ दिली तर. बाकीच्या दिवशी खेळावंसं वाटलंच, तर थोडा वेळ दादाचा कंट्रोलर आहे. आणि दादानं परतीच्या गाडीत बसल्यावर मोबाइल खिशात ठेवून खिडकीबाहेर पाहावं. भाद्रपदातली हिरवी भातशेती वीरपासून रोह्यापर्यंत सोबत करते, आणि ती पाहायला अंगठा लागत नाही.